तीन टू-सीटर, एकच गॅरेज: एनबी मियाटाच्या सस्पेन्शनच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण: एडिसन, न्यू जर्सी. गाडी आठवड्याला दोनदा रस्त्यावर, महिन्यातून एकदा ऑटोक्रॉसला (मोकळ्या आवारात शंकूंमधून वेळ लावून चालवण्याची स्पर्धा) आणि वर्षातून दोनदा मिलव्हिलच्या न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कला जाईल, हे धरून सगळं ठरवलं आहे. लांबी मिलिमीटरमध्ये, टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये. स्प्रिंगची ताकद पौंड प्रति इंचात लिहिली आहे, कारण बाजारात स्प्रिंग त्याच मापाने मिळते.

९ मार्च २०२४

तीन गाड्या, त्यातली एक ठेवायची.

१. माझ्दा एमएक्स-५ मियाटा, २००१, एलएस, म्हणजे दुसरी पिढी, एनबी. १.८ लिटर, पाच गिअर, टॉर्सेन डिफरेन्शियल (एक मागचं चाक घसरू लागलं तर दुसऱ्याकडे जास्त ओढ देणारं). चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाकाला एक आर्म वर, एक खाली). आधीच्या मालकाने लोअरिंग स्प्रिंग बसवलेल्या.

२. पोर्शे बॉक्स्टर एस, २००२, म्हणजे ९८६. ३.२ लिटर, २५२ अश्वशक्ती, सहा गिअर. पुढे-मागे स्ट्रट (आर्म फक्त खाली, वर शॉकअपचाच खांब).

३. टोयोटा एमआर२ स्पायडर, २००१. १.८ लिटर, इंजिन मध्यभागी. इथेही चारही बाजूंना स्ट्रट.

चालवून निर्णय घ्यायचा तर हायवेवर बॉक्स्टर सहज जिंकते. तिची चासी ताठ आहे, ब्रेक मोठे आहेत, आणि १२० किलोमीटरच्या वेगाला ती जशी शांत बसते तशी मियाटा कधीच बसणार नाही. पण इथे प्रश्न वेगळा आहे: कोणत्या गाडीचं सस्पेन्शन आपल्या हातांनी, आपल्या औजारांनी पूर्ण बरोबर करता येईल, आणि पुढची दहा वर्षं तसं ठेवता येईल? त्यासाठी आधी तिन्ही लिफ्टवर घ्यायला हव्यात.

१६ मार्च

*एमआर२.* पत्रा चांगला. मात्र २००१ च्या १झेडझेड इंजिनाची दुखणी माहितीची आहेत. पिस्टनला तेल परतीची भोकं अपुरी, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधले छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फुटले की त्यांचा भुगा उलटा इंजिनात ओढला जातो. ऑक्सिजन सेन्सर काढून भोकातून बोरस्कोप (बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा) घातला. पहिल्या कन्व्हर्टरची जाळी एका कडेने झडलेली दिसली. तेलही हजार मैलांना जवळजवळ एक क्वार्ट खाते. पिस्टन बदलण्यापेक्षा इंजिन बदलणं स्वस्त पडेल. यादीतून बाद.

*बॉक्स्टर.* पुढच्या खालच्या आर्मचे बॉल जॉइंट दोन्हीकडे ढिले, मागच्या टो-लिंकचं रबर फाटलेलं. ही कामं सरळ आहेत. खरा विषय इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचा. या वर्षीच्या एम९६ इंजिनात एकेरी ओळीचं बेअरिंग येतं. ते गेलं की व्हॉल्व्ह टायमिंग जातं आणि इंजिन संपतं. बदलायला गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावं लागतं. तेलाचा फिल्टर उघडून कागद पसरून पाहिला: धातूची चमक नाही. आजचा फिल्टर स्वच्छ निघाला, एवढीच खात्री त्यातून मिळते. पुढच्या महिन्याबद्दल तो काही सांगत नाही.

सस्पेन्शनपुरतं पाहिलं तर ९८६ चा पुढचा कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा आत-बाहेर कल; उणे म्हणजे आत) स्ट्रटच्या वरच्या खाचांमध्ये सरकवून फार तर उणे अर्ध्या-पाऊण अंशापर्यंत जातो. त्याहून जास्त हवा तर कॅम्बर प्लेट किंवा शिम घालून लांब करता येणारे खालचे आर्म घ्यावे लागतात. शिवाय मागे २५५ रुंदीचे टायर.

*मियाटा.* एनबीमध्ये गंज दोन जागी पाहायचा. एक, मागच्या चाकाच्या अगदी पुढचा सिल (दाराखालची पत्र्याची पोकळ पेटी). सॉफ्ट टॉपच्या पाण्याची नळी तिथे उतरते आणि ती तुंबली की पाणी आत साचतं. दुसरी जागा जास्त महत्त्वाची: पुढच्या फ्रेम रेल, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या पोकळ तुळया. तिथे पत्र्याचे थर एकावर एक आहेत आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरून रंग शाबूत असतो आणि आत चाळणी झालेली असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रेल पुढून मागे ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर थांबायचं. या गाडीचा आवाज दोन्हीकडे खणखणीत. बोरस्कोपने आतून पाहिलं: वरवरची तांबूस पूड, पापुद्रे नाहीत. डावा सिल ठीक. उजव्याची नळी तुंबलेली होती, ती मोकळी केल्यावर जवळजवळ कपभर चिखल निघाला. पत्रा मात्र वाचलेला.

हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर २३ वर्षं काढलेल्या गाडीची रेल शाबूत असणं ही मोठी गोष्ट आहे. हीच रेल कुजलेली निघाली असती तर नोंदी इथेच संपल्या असत्या.

२३ मार्च

मियाटा ठेवायची. कारणं, वजनाच्या क्रमाने:

डबल विशबोनमुळे गाडी कलंडली तरी बाहेरच्या चाकाचा कॅम्बर बऱ्यापैकी राखला जातो. स्ट्रटवर तो लवकर हातचा जातो. चारही चाकांचा कॅम्बर, पुढचा कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कल) आणि मागचा टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) हे सगळं कारखान्यातूनच एक्सेंट्रिक बोल्टवर जुळवता येतं; त्यावरची केंद्राबाहेरची चकती, म्हणजे कॅम, फिरवली की आर्म सरकतो. वेगळा भाग विकत घ्यावा लागत नाही. गाडीचं वजन कमी, म्हणून टायर, ब्रेक, बुश (आर्मच्या सांध्यातलं रबर) सगळं लहान आणि स्वस्त. आणि तिची झीज डोळ्यांना दिसते, हाताला लागते.

बॉक्स्टर विकताना बॉल जॉइंट, टो-लिंक आणि बेअरिंगची माहिती लेखी द्यायची. फिल्टरच्या कागदाचा फोटोही सोबत.

३० मार्च

सगळ्या एक्सेंट्रिक बोल्टना आणि मागच्या अपराइटच्या (हब धरणाऱ्या भागाच्या) लांब बोल्टना भेदक तेल मारलं. आठवडाभर रोज संध्याकाळी एकेक फवारा.

६ एप्रिल

उघडण्याआधी आहे त्या अवस्थेची मापं. हे टाळलं तर नंतर काय सुधारलं ते कळत नाही.

हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत: पुढे ३१२, मागे ३१५. चाकाचा व्यास बदलला तरी हे माप बदलत नाही, म्हणून जमिनीपासून मोजण्यापेक्षा हेच घ्यावं.

प्रत्येक शॉकअपच्या दांड्यावर झिप-टाय बांधून ती सीलला टेकवली आणि ३० किलोमीटरची फेरी मारली, टर्नपाइकच्या (टोलच्या महामार्गाच्या) पुलांच्या सांध्यांवरून. परत आल्यावर चारही झिप-टाय बम्प स्टॉपच्या, म्हणजे प्रवास संपताना धक्का झेलणाऱ्या, रबरात घुसलेल्या. उभ्या गाडीत बम्प स्टॉपपर्यंत शिल्लक जागा शॉकअपवर मोजली: पुढे ९, मागे ६ मिलिमीटर.

म्हणजे ही गाडी स्प्रिंगवर चालतच नव्हती, रबरावर चालत होती. वळणात मागच्या बाहेरच्या चाकाचा शॉकअप सहा मिलिमीटर दबला की रबराला टेकतो, त्या चाकाची ताकद एकदम कित्येक पट वाढते, पकड सुटते आणि शेपूट झटक्याने बाहेर येते. लोक याला ‘मियाटाचा स्वभाव’ म्हणतात आणि जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) घेतात. गाडीचा तसा स्वभाव नाही. ही जागेची टंचाई आहे, आणि ती भरून काढणं हे या प्रकल्पाचं पहिलं काम. आधी चाकाला हलायला जागा, मग स्प्रिंग, मग शॉकअप, बार सर्वांत शेवटी.

१३ एप्रिल

उतरवण्याचं काम. गाडी चार स्टँडवर, चाकं काढून बाजूच्या सिलखाली आडवी सरकवलेली. स्टँड घसरला तर गाडी चाकांवर बसेल, माणसावर नाही.

पुढे: बारची लिंक सोडवली, एबीएसची वायर क्लिपमधून मोकळी केली, शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, मग वरच्या आर्मचा लांब बोल्ट. वरचा आर्म मोकळा झाला की हब बाहेर कलतो आणि शॉकअप स्प्रिंगसकट निघतो. कलताना हबचा भार ब्रेकच्या नळीवर येऊ द्यायचा नाही, तारेने बांधून ठेवायचा. मागे: वरचे नट ट्रंकमध्ये, अस्तर काढल्यावर दिसतात.

अडलं कुठे: उजव्या पुढच्या खालच्या आर्मचे दोन्ही एक्सेंट्रिक बोल्ट. इथे एक फसवणूक आहे. पाना लावल्यावर बोल्ट फिरतो, कॅमची खूणही हलते आणि सुटला असं वाटतं. प्रत्यक्षात बोल्ट बुशच्या आतल्या पोलादी नळीला गंजून चिकटलेला असतो. नळी त्याच्याबरोबर फिरते आणि रबर पिळतं. पाना सोडला की खूण मागे येते. अशा गाडीचं अलाइनमेंट केलं तर मशीनवर आकडे हिरवे दिसतात आणि दोन दिवसांत रबर सगळं परत ओढून घेतं.

इम्पॅक्ट गन लावून उपयोग नाही, रबर धक्का गिळतं. बुश बदलायचेच होते, म्हणून आर्म आणि क्रॉसमेंबरच्या (आर्म ज्याला लागतात त्या आडव्या चौकटीच्या) फटीत रेसिप्रोकेटिंग सॉचं धातूचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंना कापले. एका कापाला साधारण १५ मिनिटं, तेल घालत, कमी वेगाने. घाई केली की पातं क्रॉसमेंबरचा कान कापतं. उरलेले सहा बोल्ट आठवडाभराच्या तेलावर सुटले.

मागच्या अपराइटचा डावा लांब बोल्टही अडला. नट बोल्टच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करून पितळी हातोडीने ठोकला, नट राहू दिल्याने आटे वाचले. तरी हलेना. नळीभोवती टॉर्चने ताप दिल्यावर निघाला. रबर जळताना धूर भयंकर होतो, दार उघडं ठेवावं.

नवे मागवले: आठही एक्सेंट्रिक बोल्ट, त्यांच्या कॅम-चकत्या, नट, दोन्ही लांब बोल्ट.

२० एप्रिल

मोशन रेशो मोजला. चाक एक मिलिमीटर हललं तर शॉकअप किती हलतो, तो हा आकडा. स्प्रिंग न घालता नुसता शॉकअप बसवला आणि हबखाली जॅक लावून १०-१० मिलिमीटरने उचलत त्याच्या दोन टोकांच्या डोळ्यांमधलं अंतर लिहीत गेलो.

पुढे हब ५० उचलला तर शॉकअप ३६ आखडला, म्हणजे ०.७२. मागे ५० ला ३९, म्हणजे ०.७८. वर-खाली ४० मिलिमीटरच्या पट्ट्यात आकडा जवळजवळ स्थिर.

चाकाशी मिळणारी ताकद या आकड्याच्या वर्गाने कमी होते. पुढे स्प्रिंगच्या ताकदीतला ५२ टक्के भाग चाकापर्यंत पोचतो, मागे ६१ टक्के. एकच स्प्रिंग पुढे-मागे घातली तर मागची बाजू कडक का होते, ते इथे आहे.

२१ एप्रिल

स्प्रिंगची निवड. चालकासह, अर्ध्या टाकीला गाडी सुमारे ११६० किलो. स्प्रिंगखालचं वजन, म्हणजे चाक, ब्रेक, हब आणि आर्मचा अर्धा भाग, प्रत्येक कोपऱ्याला ३२ किलो धरलं. स्प्रिंगवर उरतात पुढे २६५, मागे २५० किलो.

पुढे ४०० पौंडाची स्प्रिंग, म्हणजे ७० न्यूटन प्रति मिलिमीटर. चाकाशी ३६.३. त्या कोपऱ्याच्या वर-खाली डुलण्याची वारंवारता १.८६ हर्ट्झ. रस्त्यावर चालवायच्या गाडीला १.५ ते २ या पट्ट्यात राहणं बरं. दोनच्या वर गेलं की पुलाचा प्रत्येक सांधा पाठीत कळतो.

मागे दोन पर्याय. ३०० पौंडाला १.८० हर्ट्झ, ३५० पौंडाला १.९४. पुस्तकी नियम सांगतो की मागची वारंवारता पुढच्याहून किंचित जास्त असावी. पुढचं चाक आधी खड्ड्यात जातं, मागचं थोड्या वेळाने. मागची बाजू जरा भरभर हलली तर ती पुढच्याला गाठते आणि गाडी डुलत नाही. त्या हिशोबाने ३५० मागवल्या.

आतला व्यास ६४, लांबी १७८, चारही सारख्या. पुढे कधी बदलायची वेळ आली तर फक्त ताकद बदलेल, बाकी मापं तीच राहतील.

२७ एप्रिल

शॉकअप. कोनीचे पिवळे स्पोर्ट चांगले आहेत, पण त्यांत फक्त परतीचं डॅम्पिंग (हालचालीला होणारा विरोध) बदलता येतं, दाबाचं नाही. ४०० पौंडाच्या स्प्रिंगला ते अपुरं पडेल. बिल्स्टाइनचे मोनोट्यूब घेतले. बाहेरून आट्यांची नळी बसवून आणि आतले व्हॉल्व्ह आपल्या स्प्रिंगप्रमाणे लावून. बाहेरून डॅम्पिंग बदलायची खिट्टी नाही, म्हणून आकडे आधीच नीट द्यावे लागतात.

दिलेले आकडे: क्रिटिकल डॅम्पिंगच्या (गाडी न डुलता जागेवर येईल इतक्या डॅम्पिंगच्या) ६५ टक्के. पुढे चाकाशी क्रिटिकल ६२०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. त्याचे ६५ टक्के, मग ०.५२ ने भागून शॉकअपवर सुमारे ७८००. सेकंदाला ०.०५ मीटरच्या वेगाला सरासरी ३९० न्यूटन होतात. दाबाला २८०, परतीला ५०० असं वाटून दिलं. मागे ३०० आणि ३५० अशा दोन्ही स्प्रिंगना चालेल असं सरासरी ३१०. वेग वाढल्यावर दाबाची रेषा सपाट करायला सांगितली, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर चाक अडून राहतं.

११ मे

बुश. पॉलियुरेथेन घ्यायचं की रबर? ट्रॅकसाठी पॉलियुरेथेन ठीक. मीठ आणि पावसातल्या गाडीत त्यातलं ग्रीस धुऊन जातं, मग ते कुरकुरतं आणि अडकतं. अडकलेला बुश म्हणजे मोजमाप नसलेली स्प्रिंगच. रबर घेतलं, मूळ कडकपणाचं.

प्रेसवर जुने बुश काढताना आर्मच्या दोन कानांमध्ये नेमक्या लांबीचा पाइपचा तुकडा आधाराला ठेवायचा. नाहीतर बुशच्या आधी कान वाकतो. जिथे बाहेरची नळी हलली नाही तिथे हॅकसॉच्या पात्याने आतून एक चीर घेतली, फक्त नळीत, आर्मला न लागू देता. नवे बुश साबणाच्या पाण्याने. तेल नाही.

१ जून

जोडणी. एक्सेंट्रिक बोल्टच्या सरळ भागाला तांब्याचं अँटी-सीझ, आट्यांना अगदी पुसट. शॉकअपचे खालचे बोल्ट ८५, चाकांचे नट ११०. बाकी कारखान्याच्या मॅन्युअलप्रमाणे.

बुशमधून जाणारा एकही बोल्ट आज पक्का आवळलेला नाही, फक्त हाताने. रबरी बुश घसरून फिरत नाही, तो पिळला जातो. आर्म लोंबत असताना आवळला तर गाडी खाली उतरताच तो पिळलेल्या अवस्थेत अडकतो. उंची खोटी दिसते आणि रबर लवकर फाटतं.

२ जून

हळू वेगात उजवीकडून पुढे ठक-ठक. वरच्या माउंटवर बोटं ठेवून दुसऱ्याने गाडी दाबली, बोटांना झटका लागला. माउंट उघडलं. दांड्याच्या वरची स्पेसर-नळी उलट्या क्रमाने बसलेली: नट नळीवर न आवळता रबरावर आवळला गेला होता. रबर दबलं आणि नट ढिला पडला. क्रम असा: चकती, खालचं रबर, माउंटचा पत्रा, त्यातून नळी, वरचं रबर, चकती, नट. दांड्याचा नट गनने फिरवायचा नाही. दांडा स्वतःभोवती गरगरतो आणि सीलची कड जाते.

८ जून

उंची आणि जागा. लक्ष्य पुढे ३३०, मागे ३३५. आधीपेक्षा गाडी १८ ते २० मिलिमीटर *वर* आली. मडगार्डमध्ये फट दिसते. दिसू दे.

पुढच्या शॉकअपचा एकूण प्रवास ११०. उभ्या गाडीत त्यातले ४६ वापरलेले, उरले ६४. बम्प स्टॉप ३० उंचीचा. मोकळे ३४, म्हणजे चाकाला ४७ मिलिमीटर. मागे प्रवास १२०, वापरलेले ४६, स्टॉप ३३, मोकळे ४१, चाकाला ५३. कुठे ६ आणि कुठे ४१.

गाडी जमिनीवर, चालकाच्या जागी ७५ किलो वाळूच्या पिशव्या, पुढे-मागे ढकलून चाकं सैल केली आणि आता सगळे बुश-बोल्ट पक्के आवळले.

१५ जून

चार वजनकाट्यांवर. बारच्या लिंक सोडून, टायरमध्ये २८ पीएसआय.

पहिलं वाचन, किलोत: पुढे डावं ३१८, उजवं २७५. मागे डावं २७७, उजवं २८८. एकूण ११५८. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून ५५२, म्हणजे ४७.७ टक्के; हवेत ५०. उजव्या वळणात एक गाडी, डाव्यात दुसरी.

डावं पुढचं आणि उजवं मागचं बूड (स्प्रिंग जिच्यावर टेकते ती आट्यांवर फिरणारी चकती) थोडं खाली, उरलेली दोन तेवढीच वर. एकाच कोपऱ्यावर सगळी दुरुस्ती केली तर उंची बिघडते. चौथ्या फेरीला: ३०४, २८९, २९१, २७४. तिरकस बेरीज ५८०, म्हणजे ५०.१ टक्के. डाव्या बाजूची बेरीज आधीही ५९५, आताही ५९५. ती बूड फिरवून हलत नाही, वजनच हलवावं लागतं.

मग अलाइनमेंट. आधी मागचं, नंतर पुढचं, पुढचा टो शेवटी, कारण पुढे कॅम्बर हलला की टो हलतोच. पुढच्या आर्मचे दोन्ही कॅम एका दिशेला फिरवले तर कॅम्बर, विरुद्ध दिशांना फिरवले तर कॅस्टर.

पुढे: कॅम्बर उणे १.४, कॅस्टर ५.५, टो शून्य. मागे: कॅम्बर उणे १.९, टो एकूण ३ मिलिमीटर आत.

शेवटी हेडलाइटचा झोत खाली आणला. तो समोरच्यांच्या डोळ्यांत जात होता.

२९ जून

चाचणी. टर्नपाइकचे सांधे आता एकेरी धक्क्यात संपतात. झिप-टाय सांगते, सर्वांत मोठ्या खड्ड्यात पुढे ३७, मागे ३९. पुढे रबराला जेमतेम स्पर्श, मागे तोही नाही. जागा पुरली.

पण वळणाच्या मधोमध उंचवटा आला की मागची बाजू आडवी उडी घेते. कोरड्या रस्त्यात सावरता येते, ओल्यात भरवसा नाही. पुस्तकी नियमाची हीच मर्यादा. तो सरळ रस्त्यावरच्या डुलण्यासाठी आहे. मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या हलक्या गाडीत मागची ताकद वाढवली की वळणातला भार मागच्या बाहेरच्या टायरवर जातो. टॉर्सेन त्यात मदत करत नाही. आतलं चाक हलकं झालं की दोन्ही चाकांना मिळणारी ओढ कमी होते.

६ जुलै

मागे ३०० पौंडाच्या. उंची तीच ठेवायची, म्हणजे उभ्या गाडीत शॉकअपची जागाही तीच. मऊ स्प्रिंग ५१ ऐवजी ६० मिलिमीटर दबते, म्हणून बूड ९ मिलिमीटर वर. मोकळी जागा ४१ च राहिली. स्प्रिंग मऊ केली की जागा कमी होते हा समज उंची न सांभाळल्यामुळे आहे.

वजनकाटा पुन्हा: ५०.२ टक्के. ठेवलं.

उडी गेली. उंचवट्यावर मागची बाजू आता दबते आणि चालत राहते.

२० जुलै

ऑटोक्रॉस. २०५/५०आर१५ टायर, आठ इंची रिम, ऑफसेट ३६. फेरी संपताच पायरोमीटरने पुढच्या डाव्या टायरचं तापमान, आतून बाहेर: ५८, ५९, ६७ अंश सेल्सियस. बाहेरची कड ८-९ अंश जास्त तापते. हवा मधल्या वाचनावरून बरोबर वाटते, म्हणजे कॅम्बर कमी आहे.

पुढे उणे १.४ वरून उणे १.८. कॅस्टर ५.५ वरून ५.१ वर आला. कॅमला एवढीच जागा आहे, एक घेतलं की दुसरं द्यावं लागतं. पुढच्या वेळी: ६१, ६०, ६२. इथे थांबलो. आणखी कॅम्बरला लांब बॉल जॉइंट लागतील, आणि रस्त्यावरच्या टायरला त्याची गरज नाही.

१७ ऑगस्ट

आता बार, तोही फक्त पुढचा. मागचा मूळचा बारीक बार तसाच.

या गाडीत पुढच्या बारचे ब्रॅकेट पातळ पत्र्यावर आहेत. जाड बार घातला की आलटून पालटून येणाऱ्या ओढीने तो पत्रा ब्रॅकेटच्या कडेला फाटतो. नळीचा २८ मिलिमीटरचा बार घेतला आणि त्याच्याबरोबर दोन्ही ब्रॅकेटना जोडणारी मजबुतीची पट्टीही. पट्टी आधी, बार नंतर. जुना रंग खरवडून पाहिला: डाव्या ब्रॅकेटच्या मागच्या भोकाजवळ केसाएवढी भेग, ६ मिलिमीटर लांब. टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून ती थांबवली, वेल्ड केली, झिंक प्रायमर लावला. बार मूळचाच असूनही भेग होती, म्हणून ज्याच्याकडे एनबी आहे त्याने ही जागा खरवडून पाहावीच.

लिंकची लांबी पिशव्या सीटवर ठेवूनच जुळवली. बोल्ट बोटांनी आत-बाहेर गेला पाहिजे. ओढून घालावा लागला तर बार उभ्या गाडीतही एका चाकाला दाबत राहतो आणि जूनमधलं सगळं वजनाचं काम वाया जातं.

७ सप्टेंबर

मिलव्हिल, थंडरबोल्ट ट्रॅक, २० मिनिटांच्या तीन फेऱ्या. झिप-टाय: पुढे ३८, मागे ३६. पुढे कर्बवर चार मिलिमीटर रबर वापरलं, तेवढं वापरायलाच ते आहे. शेपूट हळू निघते, हळू परत येते.

घरी आल्यावर टॉर्कची तपासणी. मागचा उजवा एक्सेंट्रिक नट किंचित सरकलेला, पांढऱ्या खुणेवरून कळलं. पुन्हा आवळला, मागचा टो मोजला: ३ मिलिमीटरच. पुढच्या डाव्या हबला बेअरिंगची बारीक घरघर सुरू झाली आहे. या गाडीत ते हबसकटच येतं. जोडी मागवली, दोन्हीकडचे एकदम बदलायचे. मिठाचे ट्रक रस्त्यावर यायच्या आधी सिलच्या नळ्या पुन्हा मोकळ्या करायच्या आणि रेलमध्ये आतून मेण फवारायचं.